पास परत केल्याची पोच

माझ्या वर्कशॉपमधल्या आप्पांच्या उजव्या हाताचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. आधार केंद्रातल्या मुलीनं काच पुसली, आप्पांना हात धुऊन यायला लावलं, कोरडे करायला लावले, मग डावा अंगठा घेतला, मग एकेक बोट. स्क्रीनवर दर वेळी लाल फुली. आप्पा तळहात उलटसुलट करून बघत राहिले. बावीस वर्षं एसीच्या कामात गेलेला हात तो. कॉपरचे पाइप तापवून जोडायचे, कॉइल ॲसिडनं धुवायची, कॉइलवरच्या दबलेल्या पातळ पट्ट्या बोटांनी सरळ करायच्या. बोटांच्या शेंड्यांवर रेषा म्हणून उरल्या नव्हत्या. रांगेतल्या एका आजींनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून दिली. तेल चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. सातव्या की आठव्या खेपेला हिरवी खूण आली तेव्हा आप्पांनी आधी आजींना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे बघितलं.

एवढा खटाटोप नावातल्या दोन अक्षरांसाठी होता. शाळेच्या दाखल्यावर आप्पांचं नाव ‘आप्पासाहेब’, आधारवर ‘आप्पासो’, आणि पॅनवर नुसतंच ‘आप्पा’. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे घरोघरी आहे. बाळासो, दादासो, अण्णासो. ‘सो’ म्हणजे ‘साहेब’ हे तलाठ्याला कळतं, दूध संस्थेला कळतं, सोसायटीच्या सेक्रेटरीला कळतं. पण विमानतळाच्या आत जाण्याचा पास काढायचा असेल तर तीन कागदांवर तीन माणसं उभी राहतात, आणि त्यातला खरा कोणता हे सिद्ध करायची जबाबदारी आपली असते. पहिला अर्ज परत आला तेव्हा मी चिडलो होतो. आता चिडत नाही. का, ते पुढे येईल.

माझं शिवाजी उद्यमनगरात एसी-रेफ्रिजरेशनचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. दवाखाने, दूध डेअऱ्या, लग्नाचे हॉल, चांदीवाल्यांची दुकानं अशी आमची कामं. उजळाईवाडीच्या विमानतळाशी नातं मात्र लहानपणापासून. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून हायवेपर्यंत न्यायचे, कुंपणाबाहेर थांबायचो. बहुतेक वेळा विमान नसायचंच. तरी वडील सांगायचे, की १९३९ साली राजाराम महाराजांनी हा विमानतळ उभा केला, तेव्हा देशात किती गावांना विमानतळ होता बघ. मधली किती वर्षं तिथे नियमित विमानं नव्हती हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१८ मध्ये लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेतून विमानं पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये कमानींच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यानंतर काही महिन्यांनी एका मोठ्या ठेकेदारानं मला फोन केला. टर्मिनलमधल्या एसीच्या देखभालीतलं काही काम तुम्ही कराल का म्हणून. मी लगेच हो म्हटलं. वडील असते तर पेढे वाटले असते.

काम घेताना मी पाने, गॅस, माणसं, पगार यांचा हिशेब केला होता. पासचा केला नव्हता. मला वाटलं होतं एखाद्या कारखान्यासारखं असेल, गेटवर आधारची झेरॉक्स द्यायची, वहीत सही करायची, आत जायचं. ठेकेदाराच्या माणसानं पहिल्याच दिवशी यादी पाठवली आणि मी खाली बसलो.

या पासचं पूर्ण नाव एअरपोर्ट एंट्री परमिट, तिथले लोक एईपी म्हणतात, आम्ही पासच म्हणतो. तो विमानतळाच्या मॅनेजरच्या मर्जीवर मिळत नाही. नियम केंद्र सरकारच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे बीकॅसचे. आधी ज्याच्याकडून काम आहे त्याचं पत्र आणि वर्क ऑर्डर. मग आपल्या फर्मतर्फे सही कोण करणार त्या माणसाचं नाव आणि सहीचा नमुना. मग प्रत्येक माणसाचा अर्ज, फोटो, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, नेमणुकीचं पत्र. मग पोलिसांची चारित्र्य पडताळणी. मग सुरक्षेचा वर्ग. हे सगळं जुळलं की पास. यातलं एक जरी अडकलं तरी माणूस गेटबाहेर.

आमची पाच माणसं होती. मी, आप्पा, इचलकरंजीचा एक हेल्पर, गारगोटीकडचा एक तरुण पोरगा आणि माझा चुलतभाऊ. चारित्र्य पडताळणीचा अर्ज आता राज्य पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, त्यामुळे मला वाटलं होतं हे सोपं जाईल. माझं आणि चुलतभावाचं गेलंही. अडकला तो हेल्पर. तो त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या गावात भाड्याच्या खोलीत राहून पॉवरलूमवर काम करत होता. आधी कुठे कुठे राहिलात ते अर्जात लिहावं लागतं, आणि त्यानं ते खरं लिहिलं. त्यामुळे तिथल्या ठाण्याकडेही चौकशी गेली. खोलीमालक बदललेला, नव्या मालकाला हा माहीतच नाही. कागद तीन आठवडे तिथेच पडून राहिले. शेवटी मी आणि तो दोघं गेलो, जुन्या मालकाला शोधलं, त्याला गाडीवर बसवून ठाण्यात नेलं आणि जबाब लिहून घेतला.

परत येताना तो पोरगा मला म्हणाला, “दादा, ते मागचं लिवलंच नसतं तर बरं झालं असतं का?”

मी गाडी बाजूला घेतली. त्याला सांगितलं, “लिहिलंस ते चांगलं केलंस. तीन आठवडे गेले, जाऊ देत. लपवलेलं उद्या सापडलं असतं तर तुझा पास गेला असता, माझं काम गेलं असतं, आणि पुढं तुझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता.” हे मी त्या दिवशी मालक म्हणून बोललो. मनापासून पटलं ते दोन आठवड्यांनी, वर्गात.

तो सुरक्षेचा वर्ग. एव्हसेक, म्हणजे एव्हिएशन सिक्युरिटी, म्हणतात त्याला तिथे. मी वेळ काढायच्या तयारीनं गेलो होतो, शेवटच्या बाकावर बसलो. शिकवणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले, आवाज बारीक. त्यांनी नियमांनी सुरुवात केली नाही. १० सप्टेंबर १९७६, दिल्लीहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं, इथून सुरू केलं. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये बीकॅसची सुरुवात झाली, तेव्हा तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला एक कक्ष होता. मग २३ जून १९८५. एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब बॅगेत होता आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. १ एप्रिल १९८७ पासून बीकॅस स्वतंत्र खातं झालं. ते म्हणाले, तुमच्या हातात जो नियम पडतो त्याच्या मागं कोणीतरी गेलेलं असतं. मी वहीत काही लिहून घेत नव्हतो, त्या वाक्यापासून घ्यायला लागलो.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेली नाही. अमेरिकेतली आहे. ७ डिसेंबर १९८७ ला लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान कोसळलं. त्यात नोकरीवरून काढून टाकलेला एक माणूस बसला होता. नोकरी गेली, पण त्याचं ओळखपत्र कोणी परत घेतलं नव्हतं. ते दाखवून तो तपासणी चुकवून आत गेला, आणि त्याच्याजवळ पिस्तूल होतं. विमानात ४३ जण होते, एकही वाचला नाही. यानंतर तिथे नियम झाला, की माणूस सुटला की त्याचं ओळखपत्र ताबडतोब काढून घ्यायचं, आणि कर्मचाऱ्यांचीही तपासणी करायची.

मी घरी येऊन ही गोष्ट पुन्हा शोधून वाचली. रात्री झोप आली नाही. माझ्या वर्कशॉपमधून सुटून गेलेल्या किती पोरांकडे गिऱ्हाइकांच्या इमारतींच्या किल्ल्या, गेटपास, सोसायटीची कार्डं राहिली असतील, याचा विचार करत राहिलो. त्यातली काही मी कधीच मागितली नव्हती. सुटला, जाऊ दे, नवीन माणूस घेऊ, एवढंच.

पास हातात आला त्या दिवशी आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. फोटो, नाव आणि खाली मोठ्या अक्षरांचे कोड. ‘आप्पासाहेब’ पूर्ण लिहिलेलं. ते कोड म्हणजे टर्मिनलच्या कोणत्या भागात जायची परवानगी आहे आणि कोणत्या नाही याच्या खुणा. आम्हाला कामापुरतेच भाग दिलेले. विमानं उभी राहतात तो एप्रन आमच्या पासवर नव्हता, कारण आमचं तिथे काम नव्हतं. चुलतभावाला वाईट वाटलं. त्याला विमान जवळून बघायचं होतं. मीही लहानपणी कुंपणाबाहेर उभा राहिलेला माणूस, मला त्याचं दुःख कळत होतं. पण ज्याला जिथे काम नाही त्याला तिथे जागा नाही, हे एकदा मानलं की बाकीचं सगळं सरळ होतं.

पहिल्या महिन्यात मला दोनदा अडवलं. पहिल्यांदा पास शर्टाच्या खिशात होता म्हणून. तो छातीवर, सहज दिसेल असा लावायचा असतो. दुसऱ्यांदा लावलेला होता, पण दोरी फिरून त्याची पाठ पुढे आली होती. पहाऱ्यावरची मुलगी माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. “काका, पास सरळ करा,” म्हणाली, आणि मी सरळ केल्यावरही फोटो आणि चेहरा ताडून बघितला, मगच बाजूला झाली. ती मला रोज बघत होती. तरी बघितलं. त्या दिवसापासून आमच्या पाचही जणांच्या पासला खालून एक छोटी क्लिप आहे, पास शर्टाला धरून ठेवते, फिरत नाही. बाजारात पाच-दहा रुपयांना मिळते. ज्यांना नवीन पास मिळालाय त्यांनी पहिल्याच दिवशी घ्यावी.

पासपेक्षा आम्हाला जड गेली हत्यारांची यादी. आत जाताना पिशवीतल्या प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू-ड्रायव्हरची नोंद, बाहेर येताना तीच यादी पुन्हा ताडायची. उद्यमनगरात आम्ही पाने मोजत नाही. हाताला लागेल तो घ्यायचा, कमी पडला तर शेजारच्या लेथवाल्याकडून आणायचा. एका संध्याकाळी बाहेर पडताना बारा-तेराचा पाना कमी भरला. तो वर छताजवळच्या एएचयूमध्ये, म्हणजे थंड हवा सोडणाऱ्या मोठ्या पेटीत, राहिला असणार, हे आम्हाला ठाऊक होतं. मी म्हणालो, उद्या सकाळी काढतो. “आज काढा,” एवढंच उत्तर आलं. आम्ही परत गेलो, शिडी लावली, पॅनेल उघडलं. पाना थेंबपाण्याच्या ट्रेमध्ये आडवा पडलेला. सापडायला तासभर गेला. शिडीवरून उतरताना माझ्या मनात आलं, तो पाना आम्हाला ठाऊक होता, पण दुसऱ्या कोणाच्या हाती लागला असता तर तो ‘आमचा पाना’ राहिला नसता. तपासणी होऊन आत आलेल्या प्रवाशाला तपासणीशिवाय मिळालेलं एक लोखंड झालं असतं. आता आम्ही लाकडी खोका केलाय, प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच पाडून. एक खाच रिकामी दिसली की न मोजता कळतं. हा खोका बघून माझ्या दवाखान्यातल्या गिऱ्हाइकांनीही तसाच वापरायला सांगितलंय.

पाहुण्यांच्या पासबद्दल थोडं सांगतो. एकदा कॉम्प्रेसरचा बिघाड आमच्या आवाक्याबाहेर गेला, पुण्याहून कंपनीचा इंजिनीअर बोलावला. त्याला एका दिवसाचा तात्पुरता पास. त्याचा अर्ज, ओळखपत्र, कारण, वेळ सगळं आधी द्यावं लागलं, आणि पक्का पास असलेला माणूस सोबत पाहिजे ही अट. मी सोबत राहिलो. सोबत म्हणजे पूर्ण सोबत. तो पाणी प्यायला गेला तरी मी, बाथरूमला गेला तरी दाराबाहेर मी. दुपारी मला एका गिऱ्हाइकाचा तातडीचा फोन आला, पाचच मिनिटं बाहेर जावं असं वाटलं. इंजिनीअरही म्हणाला, “जाऊन या की, मी काय पळून जातोय?” गेलो नाही. पास त्याच्या नावाचा असला तरी त्या दिवसापुरती त्याची हमी माझ्या पासवर होती.

आता हरवलेल्या पासची गोष्ट. ही सांगायला मला जड जातं, पण ज्यांच्याकडे असे पास आहेत त्यांनी वाचावी.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. माझा चुलतभाऊ दरवर्षी सासनकाठीबरोबर जातो. त्या वर्षीही गेला, आणि कामावरून थेट गेल्यामुळे पास पाकिटात होता. वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या, डोंगरावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, गुलालानं माणूस माणसाला ओळखत नाही. रात्री उतरला तेव्हा पाकीट नव्हतं. मला त्यानं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपवर आला, डोळे लाल, कानामागे गुलाल तसाच, आणि म्हणाला, “दादा, दोन दिवस थांबूया का? कोणीतरी आणून देईल. पाकिटात फोन नंबर हाय.”

मलाही थांबावंसं वाटलं, हे खरं सांगतो. कळवलं तर चौकशी, लेखी खुलासा, कदाचित आमच्या नावावर ठपका. नाही कळवलं आणि पाकीट मिळालं तर कोणाला कळणारही नाही. आप्पा कोपऱ्यात गेज पुसत बसले होते. ते उठले, हातातलं गेज ठेवलं आणि म्हणाले, “मालक, त्या वर्गात सांगितलेलं इसरलासा व्हय? ते पिस्तुलवालं?”

त्या क्षणी मी फोन उचलला. पास देणाऱ्या कक्षाला तोंडी कळवलं, नंबर सांगितला. तो नंबर लगेच बाद करायला घेतला. मग पोलीस ठाण्यात जाऊन हरवल्याची तक्रार, तिची प्रत, माझं फर्मच्या लेटरहेडवर पत्र, चुलतभावाचा खुलासा. खुलाशात त्यानं ‘यात्रेला पाकिटात नेला’ असंच लिहिलं, ‘प्रवासात गहाळ झाला’ असं गोलमाल लिहिलं नाही. आम्हाला बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. नवीन पास मिळेपर्यंत तो बाहेरची कामं करत होता. पाकीट दहा दिवसांनी एका माळकऱ्यानं पोस्टानं पाठवलं, पास आत होता. तो जुना पासही आम्ही नेऊन जमा केला, कारण बाद झालेला पास घरी ठेवायचा नसतो.

त्यानंतर वर्कशॉपमध्ये एक वही घातली. पानाच्या डाव्या बाजूला माणसाचा फोटो, पासचा नंबर, कोणत्या दिवशी मिळाला, कधी संपतो. उजवी बाजू मोकळी, परत केल्याच्या पोचेसाठी. संपण्याच्या तारखा कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवतो आणि त्याच्या तीन महिने आधीच्या पानावर निळा गोल करतो. निळा गोल आला की नूतनीकरणाला लागायचं, कारण पडताळणीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. पास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस कितीही जुना, कितीही ओळखीचा असला तरी गेटबाहेरच. घरी जाताना पास वर्कशॉपच्या कपाटात ठेवायचा, चावी आप्पांकडे. यात्रा असो, लग्न असो.

वहीची उजवी बाजू पहिल्यांदा भरायची वेळ आली ती गारगोटीच्या पोरामुळे.

तो दिवाळीला गावी गेला आणि आला नाही. फोन बंद. चार दिवसांनी त्याच्या मित्राकडून कळलं की वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय, घरात दुसरं कोणी कर्तं नाही, तोडणीला आलेला ऊस शेतात उभा, तो आता तिथेच राहणार. मी कपाट उघडलं. त्याचा पास नव्हता. सुट्टीच्या आदल्या दिवशी तो थेट कामावरून निघाला होता, आणि आप्पा त्या दिवशी लवकर गेले होते. वहीत बघितलं, पास संपायला अजून चौदा महिने होते.

आधी कळवलं. हा माणूस आता आमच्याकडे कामाला नाही, पास आणून देतो. मग रविवारी सकाळी गाडी काढली. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री. हंगाम जोरात, उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर, मुधाळ तिट्ट्याला अर्धा तास अडकलो. गारगोटीच्या अलीकडे वेदगंगेच्या काठानं आत वळलं की त्याचं गाव.

पोरगा शेतावर होता. आईनं दार उघडलं. वडील आतल्या खोलीत खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, मला बघून हात उचलायचा प्रयत्न केला. मी त्यांच्याजवळ बसलो. आई चहा टाकायला गेली, आणि तेवढ्यात माझं लक्ष कोनाड्यातल्या देवाकडे गेलं. जोतिबाच्या तसबिरीला टेकवून पास उभा केला होता. प्लास्टिकच्या कव्हरवर कुंकवाचं बोट लावलेलं, दोरी नीट गुंडाळून मागे ठेवलेली.

आई चहा घेऊन आल्या. मी काय बघतोय ते त्यांना कळलं.

“पोरगं इमानतळावर कामाला हाय म्हणून पावणं बघून गेलं दिवाळीत,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी ह्यो दावला. त्येंनी हातात घिऊन बघितला. माघारी यायचं हाईत.”

मी चहाचा कप तसाच धरून बसलो. जे बोलायला पन्नास किलोमीटर आलो होतो ते तोंडातून निघेना. तेवढ्यात पोरगा आला, पायाला चिखल, हातात कोयता. मला बघून दारातच थांबला. म्हणाला, “दादा, मी देणारच हुतो. आईला सांगायला जमंना.”

मी आईंना म्हणालो, “मावशी, हा पास त्याचा नव्हे आणि माझाही नव्हे. तो तिथे काम करतोय तोवर त्याला दिलेला आहे. तो इथं राहिला आणि उद्या चोराच्या हाती लागला, तर तुमच्या पोराच्या फोटोनं कोणीतरी नको तिथे जाईल. ते झालं तर पाहुणे काय, पोलीस येतील.” मग त्यांना ती अमेरिकेतली गोष्टही सांगितली, जमेल तेवढी सोपी करून. वडील खाटेवरून ऐकत होते. त्यांनी चांगल्या हातानं कोनाड्याकडे खूण केली.

आई उठल्या. आधी जोतिबाला हात जोडले, पास उचलला, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला. मी बॅगेतून लेटरहेड काढलं. हे मी घरून ठरवून नेलं होतं. त्यावर तिथेच बसून लिहिलं, की हा मुलगा माझ्याकडे दीड वर्ष कोल्हापूर विमानतळाच्या कामावर होता, काम चोख केलं, घरच्या अडचणीमुळे सोडलं, परत यायचं असेल तेव्हा जागा आहे. सही केली, शिक्का मारला. “पाहुण्यांना हे दाखवा,” म्हणालो. पोरानं कागद दोनदा वाचला आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवला. त्या ऐकताना खाटेच्या पायाशी बसल्या होत्या.

परत येताना बिद्रीजवळ थांबून मी पास बघितला. कव्हरच्या कोपऱ्यात, जिथे प्लास्टिक चिकटवलेलं असतं त्या खाचेत, कुंकवाची बारीक रेघ राहिली होती.

सोमवारी सकाळी पास जमा केला. काउंटरवरच्या माणसानं नंबर ताडला, फोटो बघितला, कव्हर काढून उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “हे लाल काय?” मी सांगितलं. त्यांनी पास बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला आणि पोच लिहून दिली. तारीख, नंबर, सही.

पोच वहीत त्याच्या फोटोसमोर डकवली. आप्पांनी लाल पेनानं पानावर आडवी रेघ मारली, आणि कालनिर्णयवरचा चौदा महिन्यांनंतरचा गोल शोधून तोही खोडला. मग म्हणाले, “माझा निळा गोल पुढच्या महिन्यात हाय, मालक. आधारला परत जायला लागतंय का बघा, न्हाईतर त्या आजीस्नी शोधायला पायजेत.”